हिला शब्द देऊ नका

"म्हण, पाणी."

मी म्हणाले, "पानी."

सगळा हॉल हसला. ढोलकीवाला हसला. मुख्य गायिका रुमाल तोंडावर धरून हसली. मी नुकतंच एक अख्खं गाणं गाऊन दाखवलं होतं. सुरात. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

नव्वदीची सुरुवात. नाशिकला कॉलेज रोडवर एका ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस चालायची. मी अकरावीत होते. मला पाणी म्हणायला लावणारे ऑर्केस्ट्राचे मालक, त्यांना सगळे सर म्हणायचे. सर मॅनेजरला म्हणाले, "आवाज आहे. पण हिला शब्द देऊ नका. डूबा-डूबा द्या."

सरांना परदेशी रेकॉर्डींचं वेड. एकजण पुढे गातो, बाकीचे मागे तोंडानं डूबा-डूबा, शा-ला-ला करत राहतात. तसलं मराठी पॉप त्यांना काढायचं होतं. मी मागची झाले. काळी साडी नेसवायचे, म्हणजे मागच्या काळ्या पडद्यात मी दिसायची नाही.

माझा बाप एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटावर राख उपसायचा. आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत भीमगीतं गायचा. मी लहानपणापासून त्याच्यामागे झील धरलेली. मागे उभं राहायची मला लाज नव्हती. पण बापाच्या मागे मी शब्द गात होते. इथं तोंड होतं, भाषा नव्हती.

आणि सरांनी माझ्या 'पानी'चाही आयटम केला. दर कार्यक्रमात मध्येच मला पुढे बोलवायचे. "आमच्या कोरसच्या राणीला विचारू या. तहान लागली तर काय मागशील गं?"

"पानी."

लोक खदखदून हसायचे. शिट्ट्या पडायच्या. वर्षानुवर्षं. पुढं पुढं तर मी स्वतःच जरा थांबून म्हणायला लागले, म्हणजे हशा मोठा यायचा. इतकी मुरले होते मी त्यात.

आमचे कीबोर्डवाले अंकल शरणपूरचे. ख्रिश्चन, वयस्कर. एका प्रॅक्टिसला मी वैतागून म्हणाले, "अंकल, हे डूबा-डूबा म्हणजे नुसता फालतूपणा."

ते वाजवायचे थांबले. "कोणी सांगितलं? अमेरिकेतल्या काळ्या पोरांनी गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून काढलंय हे. वाद्यं परवडत नव्हती, म्हणून गळ्याचीच वाद्यं केली. आणि बेटा, पुढे उभा राहून शब्द गाणाराही त्यांचाच असायचा."

म्हणजे गाणं आमच्यासारख्यांचं. ते सरांनी उचललं. आणि त्यातल्या शब्दांतून मलाच हाकललं.

त्यानंतरचा कार्यक्रम ओझरला होता. पहिल्यांदाच बाप बघायला आला. इस्त्रीचा सदरा घालून. सोबत कामावरचे दोघं. "माझी पोरगी स्टेजवर हाय," असं सांगून आणलेले.

सरांनी मला पुढे घेतलं. "तहान लागली तर काय मागशील गं?"

लोक आधीच हसायला लागले. मी खाली बघितलं. बाप हसत नव्हता. त्याच्या शेजारचे दोघं हसत होते. बापानं मान खाली घातली.

मी सरांच्या हातातून माइक घेतला.

"पानीच म्हननार, सर. माझ्या आज्याला ज्या हिरीला हात लावू दिला नाय, तिच्या पान्याचा उच्चार आमी कुठं शिकायचा?"

हशा मधेच तुटला. मी बापाचं एक भीमगीत सुरू केलं. आमच्याच बोलीत, एकही अक्षर न सुधारता. सर "बंद कर, बंद कर" म्हणत होते. अंकलनी सूर धरला. मग कुणीतरी माइक बंद केला. मी तशीच गात राहिले. मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला असेल नसेल. बापाची मान वर आली होती, तेवढं दिसलं.

मला तिथल्या तिथं काढलं. नाशिकातल्या एकाही ऑर्केस्ट्रानं पुन्हा दारात उभं केलं नाही. "डोक्यात हवा गेलीय," म्हणे. अंकलनाही घरी बसवलं. मग अंकल, मी आणि वस्तीतल्या दोन बाया, असा आम्ही गट केला. शब्द आमचे, चाल आमची. आळीपाळीनं एकेक जण पुढे उभं राहून गातो. सभांना जातो, जयंत्यांना जातो, नामपूरच्या बाजारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहूनही गायलो. कधी कधी माणसं उठून जातात. आम्ही गातो.

दोन हजारनंतर काळ फिरला. टीव्हीवर गावरान बाज चालायला लागला. एक दिवस सरांचा फोन. ऑर्केस्ट्राचा मोठा सोहळा होता. "तुझा सत्कार करतोय. शेवटी तू माझाच शोध."

मी म्हणाले, "सत्कार नको. त्याच माइकवर, लोकांसमोर माफी मागा."

सर हसले. "अगं, मस्करी होती ती. किती जुनं धरून बसलीस."

हो. धरून बसलेय. माझा बाप मेला, त्याच्या वाटचंही आता मीच धरलंय. सरांचे केस पांढरे झाले म्हणून मी विसरणार नाही. माफी मागेपर्यंत त्यांच्या स्टेजवर पाय ठेवणार नाही, आणि जिथं जिथं गाईन तिथं आधी हे सांगेन, मगच सूर लावीन.