चकचकीत अकरा हेल्मेटं

बिंदुमाधव पुणतांबेकर मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत राहतात. घराणं उत्तरेत स्थायिक झालेल्या मराठी याज्ञिकांचं. एकविसाव्या वर्षी ते अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागले, तेव्हा त्यांचे चुलते म्हणाले होते, "आम्ही सगळे अग्नीला तूप घालतो, हा एकटा पाणी घालणार!" हे बिंदुमाधव स्वतःच हसत सांगतात. श्रीराम वझेचा विषय निघाला की मात्र त्यांचं हसणं थांबतं.

श्रीराम त्यांचा जोडीदार. १९८६च्या मे महिन्यात साड्यांच्या एका गोदामाला आग लागली. दोघं पाण्याच्या एकाच होजपाइपवर होते. छत कोसळलं आणि श्रीराम आत राहिला. ढिगाऱ्यातून त्याचं पितळी हेल्मेट बिंदुमाधवांनीच उचलून गाडीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी चौकशीचा कागद समोर आला. त्यांचा डावा हात भाजलेला होता. "सही कर आणि दवाखान्यात जा," वरिष्ठ म्हणाले. त्यांनी न वाचता सही केली. कागदात लिहिलं होतं की जवान हेल्मेट न घालता आत शिरला, चूक त्याची स्वतःची.

पुढच्या वर्षी स्टेशनात हुतात्म्यांचा बोर्ड लागला. त्यावर श्रीरामचं नाव नव्हतं. बिंदुमाधव विचारायला गेले, तर उत्तर मिळालं, "सही तुझीच आहे ना?" तोवर हेल्मेटही कुठेतरी रवाना झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका न्यासाने जुन्या स्टेशनच्या शेडमध्ये अग्निशमनाचं संग्रहालय करायचं ठरवलं. रविवारी आम्ही काही जण जातो. विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकणारी मालविका आम्हाला काम सांगते. मी बँकेतला माणूस, निवृत्तीला सात महिने राहिलेले, म्हणून नोंदवही माझ्याकडे आली. वस्तू, तिची स्थिती, वापरणारा, केलेली सफाई, असे तिचे रकाने आहेत.

बिंदुमाधव पहिल्या रविवारी आल्याआल्याच म्हणाले, "मला श्रीरामचं हेल्मेट शोधायचंय. त्यावर आगीच्या खुणा असणार; ते सापडलं तर तो कागद खोटा ठरेल. मग नाव चढवावंच लागेल." संकठा घाटाजवळ राहणाऱ्या श्रीरामच्या पत्नीला, प्रभावतीबाईंना, त्यांनी तसा शब्दही दिला होता.

मार्चमध्ये एक पेटी आली. वर गाझीपूरची चिठ्ठी होती, आत काळवंडलेली अकरा हेल्मेटं. परक्या स्टेशनचा माल म्हणून आम्ही पेटी बाजूला ठेवली. न्यासाचे लोक सोमवारी पाहणीला येणार होते. मालविका परीक्षेमुळे आली नव्हती. बिंदुमाधवांनी रविवारी अख्खा दिवस बसून अकराही हेल्मेटं चिंच आणि राखेने घासली, आतली काजळी रॉकेलच्या फडक्याने काढली.

"साहेब लोक परेडला आत बोट फिरवून बघायचे," ते मला म्हणाले. "बोट काळं झालं की शिक्षा."

मीही कौतुकच केलं.

सोमवारी मालविका आली आणि दारातच थांबली. "काका, ये क्या किया आपने? जुन्या वस्तूला असं घासत नाहीत!"

"अगं, पितळ आहे. पितळ चमकलंच पाहिजे."

एप्रिलमध्ये साहित्य वाटपाची जुनी वही हाती लागली. ती मीच वाचून दाखवली. श्रीराम वझे, हेल्मेट क्रमांक चौदा, आकडा आतल्या बाजूस काळ्या रंगात. खाली दुसरी नोंद होती: चौदा क्रमांकासह अकरा हेल्मेटं १९८७मध्ये गाझीपूरला पाठवली.

बिंदुमाधवांनी एकेक हेल्मेट उजेडात धरून आत पाहिलं. अकराही पाहून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"आकडे होते का?" मी विचारलं.

"असतील. काजळीखाली काय होतं, बघितलंच नाही." मग म्हणाले, "चला माझ्याबरोबर. एकट्याने सांगवणार नाही."

प्रभावतीबाई वाती वळत बसल्या होत्या. बिंदुमाधवांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बाईंनी हातातली वात पूर्ण केली.

"भाऊजी, सहीपण तुमचीच आणि पुसणंपण तुमचंच."

बाईंनी पुढच्या वातीचा कापूस उचलला.

"अडतीस वर्षं लोक म्हणतात, स्वतःच्या चुकीने गेला. आता म्हणू देत." आणि उठत, "चहा घेऊन जा."

चहा आम्ही घेतला. परतताना ते घाटाच्या पायऱ्यांवर दोनदा बसले.

पुढच्या रविवारी मालविकाने एक हेल्मेट त्यांच्यासमोर ठेवलं. मागच्या बाजूला खोल पोचा होता. "काका, हेच असेल. 'बहुधा श्रीराम वझे' लिहूया. इतना तो चलता है."

मला ते पटलं. मी पेन उघडलं होतं.

बिंदुमाधवांनी हेल्मेट फिरवून फिरवून पाहिलं, पोच्यावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवलं.

"गाडीवरून पडलं तरी असा पोचा येतो. न बघता एकदा सही केली मी. आता माहीत नसलेलं परत लिहून द्यायचं नाही."

"पण काका, नाव तर लागेल!"

"तसं नाही लावायचं." ते माझ्याकडे वळले. "लिहा साहेब. वापरणारा, माहीत नाही. पुढचा रकानाही भरा."

मी भरला. हेल्मेटं आता काचेत मांडली आहेत आणि लोक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. नोंदवहीत अकरा ओळींत एकच मजकूर आहे: आतील खुणा सफाईत नष्ट, सफाई करणारा, बिंदुमाधव पुणतांबेकर.