घरटॅक्सच्या रांगेतली बाई

पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत घरटॅक्सच्या रांगेत एक बाई माझ्यापुढे होती. जुन्या पावत्या सारख्या पदरानं पुसून राहिली होती. मी तिसऱ्यांदा रांग सोडून परत आलो, तशी हसली.

"काकाजी, पायाले भिंगरी हाय का?"

"घर बायकोच्या नावावर हाय. ती वारली. टॅक्स भरला तर तिचं नाव कापतीन, नाही भरला तर घराची कुर्की, जप्ती."

"कोनं सांगतलं? टॅक्स भरा, पावती तिच्याच नावानं निघते. नाव बदलाचा अर्ज अलग असते. मी नवऱ्याच्या नावानं अजून भरून राहिली."

खिडकीवर बाबूनं घरमालकाचं नाव विचारलं. जिवंतपणी मी बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. तोंडातल्या तोंडात पुटपुटलो.

"जोरानं सांगा," आपलं काम उरकून बाजूला थांबलेली ती बाई म्हणाली, "घर तिचं हाय."

मी जोरानं सांगितलं.