आतोबांची घासणी

भांडी घासायच्या घासणीचा वास घेऊन त्या घरच्या बाईचा स्वभाव सांगणारा माणूस साऱ्या मुंबईत एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता! आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. गिरगावात, फणसवाडीतल्या आमच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. कचेरीतून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, पत्ते कुटतात. या गृहस्थांनी घासणीचा ध्यास घेतला. ज्या चोथ्याकडे बघायला बायकांनाही फुरसत नसे, त्यावर हे तासभर बोलायचे, आणि बोलता बोलता असे रंगात यायचे की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा निवून जायचा.

घासणी म्हणजे वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, बाकी सगळं झूट, हे त्यांचं ठाम मत. त्यासाठी भायखळ्याच्या भाजीबाजारात जायचे. मी तेव्हा कॉलेजात, सुट्टी असली की मलाही ओढत न्यायचे. सगळं जग कोवळी घोसाळी मागतं, हे म्हणायचे, "जून दे, पार वाळलेलं दे!" मग एकेक घोसाळं कानाशी धरून हलवायचं, आतल्या बिया वाजल्या की पसंत. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "काका, भाजी करायचीय का नातवाला खुळखुळा?" मी शरमेनं दोन पावलं मागे सरकलो. आतोबा मात्र खूश! "बाई, तुम्हालाही ऐकू आलं ना? मग हे पक्कं!"

घरी आणलं की साल काढायची, बिया झटकायच्या आणि जाळीचे तुकडे करायचे. एक दुधाच्या भांड्यांना, एक तेलकटाला, एक मासळीच्या तव्याला, आणि यांची आपसात गाठ पडली तर घरात भूकंप! रोज जेवणं आटोपली की त्या सगळ्या घासण्या लिंबाच्या सालींसकट उकळत्या पाण्यात बुडवायच्या, घट्ट पिळायच्या आणि गॅलरीतल्या दोरीवर उन्हात टांगायच्या. महिना झाला की बाद. शेजारच्यांच्या मोरीत डोकावून "वहिनी, तुमची घासणी आजारी आहे हो!" असं सांगायलाही ते कमी करायचे नाहीत. आत्या कपाळावर हात मारून घ्यायची.

जावयानं एकदा कुठूनसा गुलाबी परदेशी स्पंज आणला, तेव्हा तर सोहळाच झाला! आतोबांनी तो हुंगला, नाक मुरडलं आणि सरळ आत्याच्या चहाच्या पातेल्यात घालून उकळला. पाणी गुलाबी झालं, वर रॉकेलसारखा वास. ते पातेलं घेऊन हा माणूस सगळ्या मजल्यावर फिरला. "बघा, बघा! हेच उद्या तुमच्या वरणात! कोण पितो घोटभर?" जावई बिचारा चपला शोधू लागला.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज मोर्चे, रोज घोषणा, चाळीत कुणाचं म्हणून कामात लक्ष नाही! सत्याग्रहाच्या यादीत आतोबांनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं, पण त्यांचा दमा बघून यादी करणाऱ्यांनी ते खोडलं. त्या दिवशी ते घासण्यांपाशीही फिरकले नाहीत. मला म्हणाले, "सगळी चाळ लढायला निघालीय रे, आणि मी गॅलरीत उभा. माझा काहीच उपयोग नाही का?" मला फार वाईट वाटलं.

आणि पुढच्याच आठवड्यात, चौपाटीच्या सभेआधी, परळहून येणाऱ्या शंभरएक स्वयंसेवकांचं दुपारचं जेवण आमच्या चाळीत ठरलं. हरताळामुळे पत्रावळी मिळेनात. घराघरांतून ताटं गोळा केली, तरी ती एका पंगतीपुरती, पंगती तीन! मधे घासणार कोण? आतोबा धोतर खोचून नळावर हजर! "भांडी माझ्याकडे! कुणी हात लावायचा नाही!" दोरीवरच्या झाडून सगळ्या घासण्या त्यांनी खाली आणल्या आणि मला पाणी उकळायला बसवलं.

पहिली पंगत उठली. परळच्या गिरणीतला एक तरुण, घरच्यांसह नुकताच बौद्ध झालेला, आपलं ताट घेऊन नळाशी थबकला. ताट काही देईना. "राहू द्या काका, माझं मी घासतो." आमच्यासारख्यांच्या चाळींतून आजवर त्याच्या माणसांना कसं वागवलं गेलं होतं, ते सगळ्यांनाच ठाऊक. मला तर मान वर करवेना. आतोबांच्या डोक्यात मात्र भलतंच! ते लालबुंद झाले. "का? माझ्या घासणीवर विश्वास नाही? अरे, आत्ता उकळलीय! हुंग, हुंग बघू!" आणि ओली घासणी थेट त्याच्या नाकाशी! तो खो खो हसत सुटला. "लिंबाचा वास येतोय की!" म्हणाला, ताट त्यांच्या हातात दिलं आणि बाह्या सरसावून शेजारी बसला. "तुम्ही घासा काका, मी विसळतो." दोघांनी मिळून तिन्ही पंगतींची ताटं काढली. आतोबांना धाप लागली होती, पण उठायचं नाव नाही.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी गिरगावात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीतून वाट काढत तो तरुण चार मित्रांना घेऊन आमचा जिना चढून आला, हातात पेढ्यांचा पुडा. आतोबांपुढे उभा राहून मित्रांना म्हणाला, "हे काका. आपल्याच तुकडीतले." पेढा तसाच हातात धरून आतोबा उभे राहिले. डोळे वाहत होते, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. शेवटी आत्यानंच पदरानं पुसले.