हातोडीवाले दाजी

माझ्या साडूंबद्दल मी लिहितोय हे कळलं की बायको म्हणेल, "चांगलं लिहा हं!" तिने काळजी करायचं कारण नाही. दाजींबद्दल वाईट लिहायला काही सापडतच नाही, हीच तर माझी बावीस वर्षांची तक्रार आहे. तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करतो आणि मनात अरे-तुरे. इथे अहो-जाहोच करतो, कारण हे ती वाचणार.

दाजी म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पूल तपासणं हे त्यांचं काम. एकोणिसाव्या वर्षी ते रस्ते खात्यात बिगारी म्हणून लागले, एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली डांबराची घमेली उचलली आणि त्याच मिस्त्रीकडून पूल 'ऐकायला' शिकले. एक छोटी हातोडी, एक खडू, एक वही. धड काँक्रीटवर हातोडी मारली की टण्ण वाजतं. आतलं लोखंड गंजून फुगलं आणि वरचा थर सुटला की भद्द वाजतं. भद्द वाजलं की दाजी त्या जागेभोवती खडूने गोल काढतात, वहीत लिहितात आणि पुढे सरकतात. असे वर्षाला चौदा पूल. आता खात्यात यंत्रं आली आहेत, पण यंत्राचा आकडा बघून झाला की साहेब दाजींकडे वळून विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" मला जन्मात कुणी असं विचारलेलं नाही.

ठोकून बघायची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. माझ्या लग्नात त्यांनी कार्यालयाचा खांब ठोकून पाहिला. सासऱ्यांकडे गप्पा मारता मारता मागची भिंत बोटाने ठोकली आणि म्हणाले, "मामा, इथलं प्लास्टर सुटलंय. खाट हलवा." सासऱ्यांनी खाट हलवली आणि आठव्या दिवशी त्या जागी घमेलंभर प्लास्टर कोसळलं. झालं! तेव्हापासून सासरे दाजींना विचारल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा मारत नाहीत. त्यांचं कपाट तीनदा माझ्या टेम्पोतून हललंय, गच्चीवरची टाकी मी खांद्यावरून चढवलीय, पण ते कुणाच्या लक्षात आहे? माझ्या मुलीने शाळेत 'माझी आवडती व्यक्ती' हा निबंध लिहिला तोसुद्धा या दाजीकाकांवर. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. मी घरी वाचला आणि छान आहे म्हणालो, पण रात्री जेवण गेलं नाही.

माझ्याकडे दोन टेम्पो, त्यांच्याकडे सायकल. घर माझं मोठं. तरी पोटात दुखायचं ते माझ्याच.

गेल्या वर्षी दाजींनी नदीवरच्या मोठ्या पुलाचा अहवाल दिला. दुरुस्ती आत्ता केली तर पूल वाचेल, दोन वर्षं थांबलो तर पाडावाच लागेल. नगरपालिकेच्या तिजोरीत खडखडाट. मग ठराव आला: शहरातल्या पंपांवर पेट्रोल-डिझेलला लिटरमागे थोडा जादा कर लावायचा आणि तो पैसा फक्त रस्ते आणि पुलांवर घालायचा. कर बसवण्याआधी जाहीर सभा घ्यायची आणि लोकांनी हात वर करून कौल द्यायचा, असं ठरलं.

टेम्पो संघटनेचा चिटणीस मी. आमचा विरोध अगदीच हवेतला नव्हता. आधीच्या करांचं काय झालं ते रस्त्यातले खड्डे सांगत होतेच, आणि जो दिवसभर गाडी चालवून पोट भरतो त्यानेच सगळ्यांच्या पुलाचा खर्च का उचलायचा, हाही प्रश्न होता. पण खोटं कशाला बोलू? तो अहवाल दुसऱ्या कुणाचा असता तर मी एवढा घसा ताणला नसता.

सभेच्या आदल्या रविवारी दाजी सायकल मारत घरी आले. म्हणाले, "चला, तुम्हाला पूल ऐकवतो. कर नको असेल तर खुशाल नको म्हणा. पण ऐकून म्हणा."

पुलाखाली ओल होती, कबुतरांची घाण होती. दाजींनी शिडी लावली, मला वर चढवलं आणि हातोडी माझ्या हातात दिली. त्यांनी ती दुसऱ्या कुणाला दिलेली मी कधी पाहिली नव्हती. "हलक्या हाताने मारा. आधी इथे. आता गोलाच्या आत."

बाहेर टण्ण. आत भद्द. दुसऱ्या गोलात भद्द, तिसऱ्यात तर असं की खाली रिकामं खोकं असावं. तेवढ्यात वरून एक ट्रक गेला आणि माझ्या मानेवर बारीक वाळू पडली. माझे टेम्पो याच जागेवरून दिवसातून चार वेळा जातात.

"आला फरक लक्षात?" दाजींनी खालून विचारलं.

"हं," मी म्हणालो.

सभेला सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत सासरे, त्यांच्या शेजारी माझी बायको. दाजी बोलायला उभे राहिले. त्यांना भाषण येत नाही. वही डोळ्यांशी धरून पुटपुटल्यासारखं वाचत होते, तरी लोक चिडीचूप. आम्ही बोललो तेव्हा माणसं मोबाईल बघत होती. माझ्या मागे बसलेली दवाखान्यातली परिचारिका म्हणाली, "किती मनापासून सांगतात ना!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मागून कुणीतरी ओरडलं, "कर लावायचा असला की पूल बरोबर मोडायला येतात!" थोडे हसले. दाजी गोंधळले, मग म्हणाले, "माझ्यावर नका ठेवू विश्वास. माझे साडू इथे बसलेत. ते कराच्या विरोधात आहेत, ते माझी बाजू कशाला घेतील? पण रविवारी त्यांनी स्वतः हातोडी मारून पाहिलीय. त्यांना विचारा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सासरेही वळले. त्यांच्या चेहऱ्यावर थोरल्या जावयाचं कौतुक मावत नव्हतं. मी नुसतं 'खरं आहे' म्हटलं असतं तर कर मंजूर झाला असता, पूल सावरला असता आणि दाजी आणखी वीतभर उंच झाले असते. ती वीत मला सोसवली नाही.

"मारली की हातोडी," मी उभा राहून म्हणालो. "मला तर सगळीकडे सारखाच आवाज आला. आणि कर आम्ही भरायचा, दाजी फिरणार सायकलवर, हे बरंय!"

असा हशा पिकला की विचारू नका. दाजी माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, गणित चुकलेल्या मुलासारखे. मग वही मिटून खाली बसले. एक्केचाळीस हातांच्या फरकाने ठराव पडला.

दोन दिवस मी मिशीला पीळ देत फिरलो. तिसऱ्या आठवड्यात पुलाच्या दोन्ही टोकांना पाटी लागली: तीन टनांपेक्षा जड वाहनांना बंदी. दुरुस्ती होणार नसेल तर तसं करणं नियमात होतं आणि कागदावर सही दाजींची होती. लोक म्हणाले, हरले म्हणून सूड उगवतायत. बस बंद झाली. सासरे पलीकडच्या काठाला, त्यामुळे बायको त्यांच्याकडे पुलावरून चालत जाऊ लागली. माझ्या टेम्पोंना एकतीस किलोमीटरचा वळसा. करात गेले असते त्याच्या कितीतरी पट पैसे त्या वळशाच्या डिझेलमध्ये जळायला लागले. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, आणि बोंब मारायचीही सोय नाही.

पण खरी शिक्षा वेगळीच होती. मी खोटं बोललो असेन हे दाजींच्या मनातच आलं नाही. पुलाबद्दल कुणी खोटं बोलतं, हे त्यांच्या डोक्यात बसतच नाही. त्यांनी घरात सांगितलं, "वीस-बावीस वर्षं इंजिनाजवळ बसून कान गेलेत बिचाऱ्यांचे. मी विचारलं तेव्हा 'हं' म्हणाले, ते माझा मान राखायला."

झालं सुरू. सासरे माझ्या कानाशी येऊन ओरडायला लागले. मुलगी समोर उभी राहून, ओठ नीट हलवून बोलायची. मला ऐकू येतं म्हणावं तर सभेत काय झालं ते सांगावं लागणार. मी मुकाट्याने "काय? काय?" करत राहिलो. बायको तेवढी ओरडायची नाही. ती माझी पाठ असताना हळूच काहीतरी बोलायची आणि मी वळतो का बघायची. मी वळायचो नाही.

शेवटी दाजींनीच कानाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली, रजा टाकली आणि मला घेऊन गेले. बायकोही आली. आदल्या दिवशी मी ठरवलं होतं, एकाआड एक आवाज सोडून द्यायचा.

काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका. शेवटचे आवाज बहुतेकांना येतच नाहीत." काचेपलीकडे दाजी बसले होते. मला धीर द्यायला मान हलवत होते, पहिलीतल्या पोराला हलवावी तशी. पहिला आवाज आला, मी दाबलं. दुसरा सोडायचा होता. पण तो माणूस माझी कीव करत समोर बसलेला असताना मी नापास व्हायचं? हात थांबेना. बारीकातला बारीक, मुंगी चालल्यासारखा आवाजही मी सोडला नाही.

"पन्नाशीत असे कान मी फार थोडे पाहिलेत," बाई कागद दाखवत म्हणाल्या. "अगदी ठणठणीत!"

माझी छाती फुगली. खरंच फुगली. दाजींच्या देखत मला पैकीच्या पैकी! मी ऐटीत त्यांच्याकडे वळलो, आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायको भिंतीकडे बघत होती.

दाजींनी कागद दोनदा वाचला. "मग पुलाखाली..."

"आला होता," मी म्हणालो. "भद्द. तिन्ही गोलांत."

आता मुस्काटात बसणार असं वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं. दाजींनी चष्मा काढला आणि त्यांचे डोळे भरून आले. "आला होता ना? घरात तुमचे कान गेले म्हणालो, पण मनात वाटायचं, माझेच गेले. या सात महिन्यांत दोनदा गुपचूप तपासून घेतले. ठीक आहेत म्हणाले, पण पटेना. धडधाकट माणसाला फरक कळत नाही म्हणजे मी तीस वर्षं काय ऐकत होतो? हातोडी हातात धरवेना. त्या बंदीच्या कागदावर सही केली, तीही खात्री नसताना. राजीनामा लिहून खिशात ठेवलाय."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. आवाज चढलेला नाही, शिवी नाही. "उपकार झाले तुमचे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "फार बरं केलंत सांगितलंत."

मला हात सोडवून घेता येईना.