न बोलता ठेवलेलं औषध

सन दोन हजार चोवीस, एप्रिल महिना. मला चौऱ्याहत्तरावं वरीस चालू होतं आणि माझ्या घरात उंदीर झाले होते.

घरात उंदीर झाले हे लिहायला माझा हात अजून अडतो. मी गवंडी. तिसरीत शाळा सुटली, थोड्याच वर्षांत हातात थापी आली, ती गुडघे जाईपर्यंत सुटली नाही. उस्मानपुऱ्यातलं हे दोन खोल्यांचं घर मी स्वतः बांधलं. आठवडाभर लोकांच्या भिंती उचलायच्या आणि सुट्टीच्या दिवशी आपला एक थर चढवायचा. माल मीच कालवायचा, विटा भिजवायला बायको. शेजारच्या घराची आणि माझी भिंत एकच, तीही माझ्याच हातची. चाळीस वर्षांत तिला केसाएवढी चीर नाही. अशा माणसाच्या घरात उंदीर कुठून यावा?

"मामा आलेत," एके दिवशी बायको हळूच म्हणाली.

"कोणाचा मामा?"

"हळू बोला की. ऐकतात ते."

तिच्या माहेरची ही रीत. उंदराचं नाव घ्यायचं नाही, मामा म्हणायचं. त्याला मारायची गोष्ट तर घरात काढायचीच नाही. ऐकलं तर तो सावध होतो आणि डूख धरून कपडे कुरतडतो, असं तिचं म्हणणं. तिचे वडील औषध ठेवायचे ते कोणाला न सांगता. कधी ठेवलं, कुठं ठेवलं, घरातल्या बायकांनासुद्धा माहीत नसायचं. आठवडाभर त्यावर कोणी चकार शब्द काढायचा नाही. मी या गोष्टीला हसायचो. पण पन्नास वर्षं एका बाईसोबत काढली की तिची रीत आपल्या अंगात कधी शिरते ते कळत नाही.

"माझ्या भिंतीला भोक नाय," मी म्हणालो. "शेजारून येत असतील."

"शेजारून यायला तरी भोक लागतंच की," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

नुकतीच वर्षाची ज्वारी आणि गहू भरून ठेवले होते. कोठीच्या मागं रोज कोंडा सांडलेला दिसायचा. बाथरूममधला साबण गेला. गोधडीचा कोपरा गेला. बायको पिंजऱ्यात भजं लावायची. दोन सापडले, तिनं मारू दिले नाहीत, ते मी नाल्यापलीकडं सोडून आलो, मग पिंजऱ्याकडं कोणी फिरकेना. तरी मी म्हणत होतो की हे बाहेरचे आहेत, आपोआप जातील. मग एका दुपारी खिळ्याला टांगलेली माझी हत्याराची पिशवी काढली. भिंत सरळ बघायच्या ओळंब्याची दोरी तीन ठिकाणी कुरतडलेली. शिशाचा गोळा पिशवीच्या तळाशी एकटा पडलेला. माझ्या उस्तादानं दिलेला ओळंबा तो. मी पिशवी परत टांगली, चप्पल घातली आणि शहागंजात जाऊन उंदराच्या औषधाची काळी पूड घेऊन आलो. बायकोला काही बोललो नाही.

आता शेजारचं सांगतो, कारण पुढं सगळं तिकडंच गेलं.

शेजारी एक मुसलमान कुटुंब. नवरा पिंजारी होता, गाद्या भरायचा. त्यानं आणि मी एकाच महिन्यात पाया खोदला होता. तो वारल्याला तीन वर्षं झाली होती. मागं म्हातारी, तिचा शेंद्र्याला कंपनीत जाणारा मुलगा, आणि सून. म्हातारीला मी भाभी म्हणतो, ती मला भाऊ. सून सोयगावकडची, लग्नाला दोन वर्षं झालेली, तोंडातून शब्द न निघणारी पोरगी. सासूचं आणि तिचं जमत नव्हतं. भिंत एक असल्यामुळं आम्हाला सगळं ऐकू यायचं.

आणि त्यांची एक शेळी होती. काळी, एक कान पांढरा. पिंजाऱ्यानं मरायच्या आदल्या साली करडू असताना आणलेली. भाभीनं तिला पोरीसारखं वाढवलं होतं, घरातला चहा तिच्याच दुधाचा. तिच्याशी बोलायची, तिच्यावर रागवायची. सुनेशी दिवसभरात जेवढं बोलायची नाही, तेवढं शेळीशी एका तासात बोलायची. ती शेळी रोज सकाळी आमच्या दारात येऊन उभी राहायची. बायको रात्रीची उरलेली भाकर हातानं मोडून तिला चारायची. मी कधी चारली नाही. जनावराचं कौतुक मला नाही.

त्या संध्याकाळी बायको भाजी आणायला गेली, तेव्हा मी टोपल्यातली शिळी भाकर घेतली. तुकड्यांना तेल-गूळ लावला, त्यात पूड चोळली, एका जर्मनच्या झाकणावर ठेवून झाकण कोठीमागच्या कोपऱ्यात सरकवलं. हात तीनदा धुतले. ती आली. मी गप्प. उकाडा लई होता म्हणून मी गच्चीवर झोपायला गेलो. पहाटे पाचला उठणारा माणूस मी, त्या दिवशी वारा बरा होता, सातपर्यंत डोळाच उघडला नाही.

खाली आलो तर कोपरा साफ. एक तुकडा शिल्लक नाही. झाकण घासून चुलीशेजारी पालथं घातलेलं. मला वाटलं, फन्ना उडवला मामांनी, आणि बाईनं रिकामं झाकण दिसलं म्हणून घासून टाकलं. तिनं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कोपऱ्यात मामांचा वावर दिसला तरी ती बोलणारी नव्हती, आणि औषधाचं मी बोलणार नव्हतो. खरं सांगतो, चहा पिताना मी मनात खूश होतो.

दहाच्या सुमाराला भिंतीपलीकडून भाभीचा आवाज आला. "अरे, इसकू क्या हुआ देखो! कोई देखो!"

आम्ही दोघं धावलो. शेळी भिंतीला डोकं लावून उभी होती. पोट फुगलेलं, दात करकर वाजत होते, तोंडाला फेस. बायकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिचे पाय मोडले आणि ती खाली बसली. सून डॉक्टरला फोन करत होती. जनावराचा डॉक्टर तासाभरानं आला, सुई दिली, डोळे बघितले, म्हणाला, "काहीतरी वाईट खाल्लंय. काल-आज काय घातलं होतं?"

मग सून हळू आवाजात म्हणाली, "रात का चावल थोडा... खट्टा हो गया था."

भाभी उभीच्या उभी तिच्याकडं वळली. "तू दी? खट्टा चावल दी इसकू?"

"अम्मी, थोडाच था. फेकने से..."

"फेकने से मेरी बकरी मर गई तो अच्छा, क्यों?"

डॉक्टर म्हणाला, आंबलेल्या भातानंसुद्धा होतं असं. जास्त खाल्लं तर होतं.

आता मला काय वाटलं ते लपवत नाही. झाकण माझ्या डोळ्यासमोर आलं होतं. पण डॉक्टरनं भाताचं नाव घेतलं आणि मी त्या भाताला धरून राहिलो. शिकलेला माणूस म्हणतोय, मग तसंच असेल. उंदरांनीच खाल्लं असेल सगळं. मी तिथं हात मागं बांधून उभा राहिलो. शेळी दुपारी एकला गेली.

खड्डा मीच खणला. त्यांचा मुलगा कामावरून यायचा होता, आणि बायकांना कोण खणू देणार? नाल्याच्या कडेला जमीन उन्हानं दगड झालेली. गुडघे बोलत होते, तरी कंबरेएवढा खणला. भाभी काठावर बसून होती. मध्येच म्हणाली, "भाऊ, मेरे मियाँ गए सो, ये उनकी आखरी निशानी थी." मी टिकाव मारत राहिलो. "तुमारे जैसे पडोसी नई मिलते भाऊ," असंही म्हणाली. तेव्हा टिकाव दगडावर बसला आणि हाताला मुंग्या आल्या.

संध्याकाळी बायको उंबऱ्यावर बसून डोळे पुसत होती. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात मोतीबिंदू आहे. म्हणाली, "सकाळी माझ्याच हातची भाकर खाल्ली हो तिनं. आज तर जास्तीच घातली."

"जास्तीची कुठून आली?"

तिनं इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मामांनी टोपल्यातले तुकडे ओढून कोपऱ्यात नेले होते. झाकणासकट. अन्न वाया कशाला घालवायचं? म्हणून तिला दिले. गुळाचा वास येत होता, तिनं माझा हातसुद्धा चाटला."

मी उठलो आणि मोरीत जाऊन उभा राहिलो. बराच वेळ नळ चालू ठेवला. बाहेर आल्यावर तिला म्हणालो, "साबणानं हात धू. आत्ता धू."

"सकाळीच धुतलेत."

"परत धू म्हणतो ना!"

तिला वाटलं, मी उगाच खेकसलो.

भिंतीपलीकडं तेव्हा बोलणं चाललं होतं. मुलगा घरी आला होता. भाभीचा आवाज मोठा होता, त्याचा बारीक, सुनेचा तर नव्हताच. सकाळच्या सातच्या गाडीनं हिला सोयगावला सोड. कितने दिन? मुलानं विचारलं. मैं बोलूंगी तब लाना, भाभी म्हणाली.

बायको भिंतीला कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "ही आता तिला परत आणायची नाही. निमित्तच पाहिजे होतं म्हातारीला. तुम्ही जाऊन समजवा की. तुमचं ऐकतील."

"दुसऱ्याच्या घरात मी तोंड घालत नसतो."

"आयुष्यभर सगळ्या गल्लीच्या भांडणात तोंड घातलंत, आज काय झालं?"

खरं बोललो तर भाभीला कळणार की शेळी माझ्या औषधानं मेली. तेवढं मी सोसलं असतं, अवघड होतं पण सोसलं असतं. जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती. मुकादमाची नाही, ठेकेदाराची नाही, बापाची नाही. एकदा मागितली असती. पण भाकर चारणारा हात कोणाचा, हेही त्याच्यासोबत बाहेर येणार होतं. ज्या बाईनं पिंजऱ्यातला उंदीरसुद्धा मला मारू दिला नाही, तिला मी कसं सांगू की तू तुझ्या हातानं शेळी मारलीस? आणि नाही बोललो, तर एक गरीब पोरगी आंबट भातापायी घरातून जात होती. ती गेली असती आणि मी रोज त्याच भिंतीला टेकून चहा प्यायलो असतो.

सकाळी सहाला मी अंगरखा घातला, टोपी घातली. बायको अंगणात पाणी मारत होती. शेजारच्या दारात रिक्षा उभी होती. सुनेची बॅग उंबऱ्याबाहेर आलेली, ती स्वतः बुरख्यात, खाली मान घालून. मुलगा जुडग्यात बॅगेच्या कुलपाची किल्ली शोधत होता. भाभी दारात.

"आओ भाऊ," ती म्हणाली. "चाय नई है. दूधच नई."

"चाय नको. मला बोलायचंय."

"बोलो."

चार वाक्यं मी येताना तोंडपाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना. म्हणालो, "भाभी, ती भातानं नाय मेली. माझ्या घरात उंदीर झालेत. मी भाकरीला औषध लावलं होतं. ती भाकर काल सकाळी मी तिला चारली. माझ्या हातानं. ध्यानात राहिलं नाय. या पोरीचा काही दोष नाय."

मुलाच्या हातातल्या किल्ल्या थांबल्या. भाभी माझ्याकडं बघत राहिली.

"तुम चारे?" ती म्हणाली. "तुम तो कभी उसकू हात नई लगाए भाऊ."

"काल लावला."

"और मेरे सामने खड्डा खोदे. मेरे सामने, भाऊ!"

"व्हय."

"और मैं बोल रही थी, ऐसा पडोसी..."

मी टोपी काढली. हात जोडायचे होते, ते टोपीसकट जोडले. म्हणालो, "माफ करा." शब्द बाहेर आला, पण मला वाटलं होतं तसा आला नाही. कोरडा आला.

तिनं माफ केलं नाही. तसं म्हणालीसुद्धा नाही. सुनेकडं न बघता म्हणाली, "दुल्हन, बॅग अंदर ले." पोरगी हलेना, तर मीच बॅग उचलून उंबऱ्याच्या आत ठेवली. मग भाभीनं दार लावलं. चाळीस वर्षांत ते दार आमच्या तोंडावर कधी लागलं नव्हतं.

मागं वळलो. बायको बादली हातात धरून अंगणात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. आमच्या अंगणातून त्यांच्या दारातला खोकलासुद्धा ऐकू येतो.

"तुम्ही कधी चारली तिला?" ती म्हणाली.

"काल."

"काल तुम्ही सातला खाली आलात."

मी टोपी परत डोक्यावर घातली.

"अहो, कोपऱ्यातली ती भाकर..."

"मी चारली," मी म्हणालो. "मी म्हणतो ना, मीच चारली."

तिनं बादली खाली ठेवली. दोन्ही तळवे समोर धरून बघत राहिली. समोरच्या घरातल्या बायका ओट्यावर आल्या होत्या, पेपरवाला सायकल धरून थांबला होता. लग्नाला पन्नास वर्षं झाली, चारचौघांत मी बायकोच्या अंगाला कधी बोट लावलं नव्हतं. त्या सकाळी सगळ्या गल्लीदेखत मी तिचा उजवा हात हातात घेतला आणि तिला घरात घेऊन गेलो.