आमचे साडू आणि युरोपाचा रुसवा

युरोपाला अमेरिकेचा नेमका कशाचा राग आलाय, हे युरोपाच्या आधी उचगावात आमच्या साडूंना कळतं. अंघोळीच्या आधीच ते जर्मनीची वर्तमानपत्रं मोबाइलवर मराठी करून वाचून काढतात आणि मग मला फोन. कुणा मंत्र्यानं वॉशिंग्टनला काय सुनावलं, फ्रान्स का फुगून बसलाय, सगळं अशा तळमळीनं सांगतात की वाटावं, भावकीच्या वाटणीची बैठक आत्ताच उठली. पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी मुलाच्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलं, युक्रेनच्या बाबतीत तुमचं घराणं कुठल्या बाजूला? बिचाऱ्यांना वाटलं, सोयरीक मोडली.

हसू नका. साडूंची फाउंड्री आहे. तिथले ओतीव भाग एक जर्मन कंपनी घेते, ते बसवून पंप बनवते आणि अमेरिकेत विकते. त्यामुळे अमेरिकेनं युरोपच्या मालावर कर वाढवला, की उचगावच्या भट्टीला हुडहुडी भरते.

आणि कर वाढलाच की हो! ऑर्डर थांबल्याचं सांगायला कंपनीचा खरेदीवाला, साडूंचा जुना स्नेही, स्वतः आला. साडू त्याला थेट म्हशींच्या कट्ट्यावर घेऊन गेले, तिथं समोरच धार काढून देतात ते धारोष्ण दूध पाजायला. इंग्रजीचा दुभाष्या अर्थातच मी. ग्लास हातात धरून तो म्हणाला, युरोपात आता जो तो म्हणतोय, अमेरिकेच्या भरवशावर राहणं पुरे, आपलं आपण बघावं. साडूंनी मिशीवरचा फेस पुसला.

"बघा की. पर त्येनी दार लावलं म्हणून तुमी आमचं का लावताय?"

मी जसंच्या तसं सांगितलं. जर्मनानं ग्लास एका दमात रिकामा केला. परत जाऊन, साहेबांशी भांडून, त्यानं अर्धी ऑर्डर मिळवून दिली. बाकीची तूट भरायला साडूंनी गुऱ्हाळांचे ऊस पिळायचे चरक ओतले, पण भट्टी विझू दिली नाही आणि एकाही कामगाराला घरी बसवलं नाही. हट्टी माणूस! मला त्यांचा भारी अभिमान वाटतो.

परवा मी फाउंड्रीत असतानाच त्या जर्मनाचा फोन आला. आम्हाला वाटलं, राहिलेली ऑर्डर आली. पण कंपनीनं त्यालाच घरी बसवलं होतं. मी ते साडूंना सांगितलं. त्यांनी ऑर्डरचं नावही काढलं नाही.

"त्यास्नी म्हणावं, हिकडं या. दूध हाय, आमी हाय."

मी फोन कानाला लावला, पण 'दूध हाय, आमी हाय' याचं इंग्रजी काही केल्या जुळेना. "द्या हिकडं," म्हणत साडूंनी फोन घेतला आणि मराठीतच त्याची समजूत घालू लागले. पलीकडून तो प्रत्येक वाक्याला 'यस, यस' म्हणत होता.