मोहाखालचा डबा

छप्पन साली सर्व्हेच्या कामावर असताना मी कुरखेड्याच्या जंगलात तळ्याकाठी राहायचो, तेही जीपमागे ओढायच्या पत्र्याच्या डब्यात. घराण्यातला पहिला बी.ए. मी, चाकांवरच्या त्या घराची मला भारी ऐट. चौकीदार मात्र बाहेरच झोपे. "निजेत घर निघून गेलं त उतरू कुठी, भाऊ?" म्हणे. काहीही विचारलं की आधी पोटरी खाजवायची, मग उत्तर.

एका मोहाखाली आयतीच झाडलेली जागा दिसली, म्हणून मी डबा तिथं लावला होता. पहाटे पत्र्यावर टपटप फुलं पडत. गोड वास सुटे. चौकीदार टपावर चढून ती टोपलीत भरे.

"दारू गाळतोस काय रे?"

पोटरी खाजवून तो म्हणाला, "झाड तळ्यापल्याडच्या म्हातारीचं हाय, तिलेच नेऊन देतो. फुलं वेचाले तिनंच झाडली जागा. पावसाळाभर तेच खाते ते. तुमाले सांगाले भेते."

"मग तू काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही शिकलेले. मले वाटलं, दिसन."

त्याच दिवशी मी डबा काट्याकुट्यात हलवला. दुसऱ्या पहाटे म्हातारी फुलं वेचत होती, मी उभा होतो. चौकीदारानं माझ्या हातात टोपली दिली.

"नुसते काय पाहून राह्यले, भाऊ? वाका थोडे."

मी वाकलो.